झऱ्याकाठचं राख

मी एक म्हातारा पाणकाटा आहे, मित्रांनो. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हा काटेवाल्यांना बघून आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. पानाला काटे, देठाला काटे, फुलाच्या गोंड्याखालीसुद्धा काटे. आम्हाला घडवणाऱ्यानं हात आखडता म्हणून घेतलेला नाही.

पण थोडा वेळ बसा. अगदी खेटून नको, बोचेल. ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसा. माझे दिवस आता भरत आले आहेत आणि माझी गोष्ट सांगायला माझ्यामागं कुणी उरणार नाही. लोक स्वतःची गोष्ट सांगतात ती हौसेनं. मी सांगतो आहे ती नाइलाजानं.

माझं घर एका चुनखडीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडीवर पडलेलं पाणी आत मुरतं, दगडांच्या फटींतून वाट काढत खाली येतं आणि पायथ्याच्या एका लांबट पट्ट्यात झिरपत राहतं. त्याला लोक झरा म्हणतात, पण तुमच्या चित्रातल्या झऱ्यासारखा तो खळखळत नाही. तो नुसता पाझरतो, घाम फुटल्यासारखा. पाणी थंडगार असतं आणि त्यात चुना असतो. त्या चुन्याचा पांढरा थर दगडांवर बसतो, शेवाळावर बसतो, गळून पडलेल्या पानांवरही बसतो. गवताला हे मानवत नाही, त्याची मुळं कुजतात. झुडपं पिवळी पडतात. आम्हाला मात्र नेमकं हेच लागतं. पाय सदा ओले आणि डोकं उन्हात, हे दोन्ही जिथं एकत्र मिळतं तिथंच पाणकाटा होतो. जरा वर सरकलं की कोरडं पडतं आणि आम्ही मरतो. जरा खाली सरकलं की पाणी साचतं, तिथंही मरतो. एकदा कुणी हौसेनं आमच्यातल्या एकाला कुंडीत नेलं होतं. तो कुंडीत गेला, एवढंच आम्हाला ठाऊक आहे.

मी माझ्या आईला पाहिलेलं नाही. आमच्या जातीत कुणीच पाहत नाही. पाणकाटा आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. आम्ही रुजतो तेव्हा आई उभीच असते, पण ती नुसती वाळकी काठी असते. पोरकेपण ही आमच्याकडची रीतच आहे, त्यामुळे त्याचं कुणी दुःख करत बसत नाही.

लहानपण सगळं जमिनीला चिकटून गेलं. पानांची एक गोल चकती चिखलावर पसरून पडलेली, एवढंच माझं रूप. वरून काटेरी हिरवी पानं, आणि खालच्या अंगाला पांढरी मऊ लोकर. ती लोकर कुणाला दिसत नसे. उन्हाच्या दिवसांत बेडूक तिच्या सावलीला येऊन बसत आणि मला घर समजून तिथंच झोपत. वर्षांमागून वर्षं मी पानाला पान जोडत राहिलो आणि मूळ खाली खाली धाडत राहिलो. फुलण्याइतकी पुंजी गोळा होईपर्यंत आम्ही उठत नाही. उतावळेपणा आमच्या अंगात नाही. अंगात काय ते काटे.

आमचं काम काय, असं तुम्ही विचाराल. बाकी सगळं रान सुकून पिवळं पडलं की मग आम्ही फुलतो. त्या दिवसांत भुंग्यांना दुसरीकडे कुठं थेंबभर मध मिळत नाही. ते लांबून येतात, आमच्या गोंड्यांत डोकं खुपसतात आणि कधी कधी तिथंच झोपी जातात. एक बारीक चोचीची पिवळी चिमणी आमचं बी खाते आणि आमच्या लोकरीनं घरटं विणते. एका सुरवंटाला तर आमच्याशिवाय दुसरं पान चालत नाही. आमची मुळं चिखल धरून ठेवतात म्हणून पायथ्याची माती वाहून जात नाही. हे सगळं आम्ही कुणी न सांगता करत आलो. कुणी शाबासकी द्यावी असं त्यात काही नव्हतं.

आमच्यातले जुने सांगायचे की एके काळी हा ओला पट्टा टेकडीला वळसा घालून पार पलीकडे जात होता. मग गुरांसाठी झऱ्याचं पाणी नळानं दगडी टाक्यात घेतलं. गुरांना पाणी हवंच, त्यांचा काही दोष नाही. पण नळानं निम्मं पाणी पळवलं आणि पलीकडचा पट्टा वाळला. तिथले आमचे भाऊबंद त्याच वर्षी गेले. शेजारच्या टेकड्यांनाही असेच झरे होते, त्यांचंही हेच झालं. उरलो ते टाक्याभोवतीचे आम्ही, तेही गुरांच्या खुरांखाली.

त्यातच पाहुणा आला. चाऱ्याच्या पोत्यांतून लांबच्या मुलखातलं एक काटेरी झाड इकडे आलं आणि आल्या पावली कुरणभर पसरलं. त्याला ओल लागत नाही, चुना लागत नाही, काहीच लागत नाही. ते एका वर्षात उगवतं, फुलतं आणि हजारांनी बी उधळतं. पाहुणा आला आणि बघता बघता घरधनी झाला. गुरं त्याला तोंड लावीनात. कुरणवाले हवालदिल झाले. त्यांनी त्याला शिव्या दिल्या त्या रास्तच होत्या. पण शिव्या देताना ते त्याला नुसतं ‘काटा’ म्हणत, आणि आम्हालाही ते ‘काटा’च म्हणत. मित्रांनो, दोघांचं नाव एक असलं की मार कुणालाही बसू शकतो.

आम्हाला वेगळं ओळखणारं एकच माणूस होतं. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांना सगळे ताई म्हणत आणि त्यांची पाठ वळली की काटेबाई म्हणत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा आणि सोबत त्यांचा धाकटा भाऊ. हा भाऊ दुधाची गाडी चालवायचा. त्याचेही केस पांढरे झाले होते, पण ताईंपुढं तो धाकटाच. ताई सरळ चिखलात पोटावर पडून माझं पान उलटं करून बघत. भाऊ रस्त्यावरून हाका मारायचा.

“ताई, अगं लोक बघतायत!”

“बघू देत की. चिखलात लोळणारी मास्तरीण त्यांना फुकटात बघायला मिळतेय. तू खाली ये.”

तो कुरकुरत खाली यायचा. मग ताई त्याला शिकवायच्या. “हा बघ आपला पाणकाटा. गोंडा फिकट गुलाबी आणि मान खाली घातलेली. पाहुण्याचा गोंडा गडद जांभळा, ताठ वर. आणि शंका आली तर पान उलटं करायचं. खाली पांढरी लोकर दिसली की आपला.”

“काट्यांतही आपला नि परका असतो होय?”

“असतो. आपला असतो तो आपल्या जागेपुरता असतो. आणि हा या झऱ्याखेरीज आता कुठंच नाही. म्हणून हा एवढा पट्टा राखायला हवा.”

‘राखणं’ हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे. जसं कुरण राखतात, रान राखतात, तसं हे झऱ्याकाठचं राखायचं. आमच्याविषयी मी माणसाच्या तोंडून ऐकलेला तो पहिला चांगला शब्द. खोटं कशाला बोलू, त्या शब्दावर माझा जीव जडला. त्या वर्षी मी देठ वर काढला. माझ्या आजूबाजूला आम्ही पुष्कळ जण एकदमच उठलो होतो, असं क्वचित होतं. आमचे देठ माणसाच्या डोक्याच्या वर गेले. गोंडे धरले. आम्ही फुललो असतो तर त्या मोसमात झऱ्याकाठी बी पडलं असतं आणि पट्टा पुन्हा भरला असता. ताईंना ते कळत होतं. त्या आमच्यामधून चालताना हात अंगाशी धरून चालत, एकही गोंडा दुखावू नये म्हणून.

तेव्हाच कुरणवाल्यांनी पाहुण्याचा निकाल लावायचं ठरवलं. एक टोळी आली. टोळीचा मुकादम आणि ताईंचा भाऊ शाळेत एका बाकावर बसलेले. ताईंनी मुकादमाला आधीच गाठून ठेवलं होतं. “बाकीचं तुझं तू बघ. झऱ्याचं मात्र मी स्वतः येऊन, उभी राहून सांगीन. तोवर तिकडं फिरकू नकोस.” मुकादमानं कान पकडून कबूल केलं. तो शब्दाचा पक्का माणूस होता, हे मी आजही म्हणतो.

टोळीची कामाची एक रीत होती. सकाळी मुकादम काठी घेऊन पुढं चालायचा आणि काठीनं जागा दाखवायचा. “बांधावरचं उपट. उतारावरचं काप. घळीतलं राख.” उपट म्हणजे मुळासकट उपटायचं. काप म्हणजे विळ्यानं कापायचं. आणि राख म्हणजे गॅसच्या ज्योतीनं जाळून राख करायची. आधी म्हणे तो ‘राख कर’ असं पुरतं म्हणायचा. पण दिवसभर धुरात ओरडून त्याचा घसा बसला आणि त्यातलं ‘कर’ गळून पडलं. टोळीला सवय झाली. राख म्हटलं की एक धिप्पाड मावशी पाठीवर गॅसची टाकी चढवायच्या आणि हातातल्या लांब नळीनं एकेक झाड भाजत जायच्या. भाजून झालं की मागून फावडेवाले येऊन मुळं उलटी करायचे.

हे सगळं मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. माझ्यापर्यंत धूर येत होता, शब्द येत नव्हते.

मुकादमानं झऱ्याचा भाग अगदी शेवटासाठी ठेवला. त्या दिवशी सगळी टोळी टाक्याच्या कडेला बसून ताईंची वाट बघत होती. ऊन चढलं, ताई आल्या नाहीत. मुकादम सारखा रस्त्याकडे मान वळवत होता. टेकडीच्या आड फोन लागत नव्हता. अखेर रस्त्यावर दुधाची गाडी दिसली. भावानं गाडी बंद केली नाही. मागं दुधाचे कॅन भरलेले होते आणि उन्हात दूध नासायची धास्ती होती. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला.

“अरे, ताई पडली मोरीत! पाय सुजलाय! तिचा निरोप आहे!”

“काय म्हणतात?”

“झऱ्याकाठचं राख!”

“काय?”

“झऱ्याकाठचं राख! राख!”

“बरं! राख!” मुकादमानं काठी उंचावली.

भावानं स्वतःचाच शब्द परत ऐकला, समाधानानं मान हलवली आणि गाडी हाणली. मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी कसा सांगू! मला वाटलं, जिंकलो. पाय सुजला तरी बाईंनी शब्द पाठवला. मी माझ्या शेजाऱ्यांकडे पाहिलं, तेही वाऱ्यावर डोलत होते.

मुकादम मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिला. मग जरा हसला. “बघा, शेवटी ताईंनाही पटलं. एवढं जपत होत्या. पण काटा तो काटाच.” त्यानं काठी आमच्यावर रोखली. “मावशी, टाकी चढवा. झऱ्याकाठचं राख.”

मावशींनी ज्योत पेटवली. पहिल्याच झाडाशी त्या थबकल्या.

“मुकादम, हे काटे माना खाली घालून का उभे हो?”

“लाज वाटत असेल. चला, उरका.”

टोळी हसली. मावशीही हसल्या आणि ज्योत पुढं आली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. ओल्या झाडाला आग लागत नाही, ते आधी शिजतं. पानांतलं पाणी फुटून चरचर आवाज येतो. लोकर मात्र एकदम पेटते, भप्प करून, आणि जळलेल्या केसांसारखा वास सुटतो. उभे होते ते गेले. चिखलावर पसरलेली बाळं होती, मावशींनी वाकून वाकून तीही भाजली, कारण त्या कामात चोख होत्या. बेडूक उड्या मारत टाक्याकडे पळाले. काही पोचले. मागून फावडी आली आणि मुळं वर आली. चुन्याच्या पांढऱ्या चिखलात काळी राख मिसळली आणि सगळा पट्टा करडा झाला. झरा तेवढा पाझरत राहिला, जसं काही झालंच नाही.

मी टाक्याच्या मागं होतो, जिथं टाक्याचं पाणी कडेवरून ओघळतं. मावशी माझ्यापर्यंत आल्या आणि ज्योत भकभक करून विझली. टाकीतला गॅस संपला होता. “एकच राहिलाय, जेवून येते,” त्या म्हणाल्या. मी वाचलो तो एवढ्यामुळे. माझा पराक्रम काहीही नाही.

टोळीनं डबे उघडले तोच दुधाची गाडी भरधाव आली; झऱ्यावरचा धूर ताईंना लांबून दिसला असावा. ताई खाली उतरल्या. एका पायाला पांढरं बँडेज होतं, दुसऱ्या पायात घरातली चप्पल. भावाच्या खांद्याला धरून त्या उतारावरून आल्या आणि पट्ट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मुकादम घास टाकून उठला.

“ताई, या अवस्थेत कशाला आलात? तुम्ही म्हणालात तसं झालंय सगळं.”

“मी काय म्हणाले होते?”

“झऱ्याकाठचं राख.”

भाऊ ओरडला. “अरे गाढवा, राख म्हणजे राख! सांभाळ! हात लावू नको!”

“राख म्हणजे राख. तेच केलं.” मुकादमानं पायाखालच्या करड्या चिखलाकडे बोट केलं. “ही काय.”

“अरे, कुरण राखतात तसं राख!”

“मी काय कुरण राखणारा आहे? मी जाळणारा माणूस. माझ्याकडं येऊन कुणी राख म्हणालं तर मी काय समजायचं? दोनदा ओरडलास तू. मी ‘राख’ म्हणालो, तू मान हलवलीस.”

“मला काय माहीत तुझी राख कुठली ते!” भाऊ रडवेला होऊन ताईंकडे वळला. “ताई, तुझी शप्पथ, मी एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. एरवी मी निरोपाला मीठमसाला लावतो म्हणून तू ओरडतेस. आज सकाळी तूच म्हणालीस, लांबण लावू नकोस, तुझ्या पदरचं काही घालू नकोस, एवढंच सांग. मी एवढंच सांगितलं.”

ताई त्याच्याकडे वळल्या. मग हळू म्हणाल्या, “हो रे. आयुष्यभर माझं ऐकलं नाहीस. आज तेवढं ऐकलंस.”

मुकादम होता तिथंच चिखलात बसला. “मी सकाळपासून वाट बघितली ताई, तुमची,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “एका झाडाला शिवलो नाही. वाट बघत बसलो.” त्याच्या बोलण्यात काहीच खोटं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण कुणाचा करू? खोटं कुणीच बोललं नव्हतं. दोघांनी एकच शब्द उच्चारला आणि दोघांनी तो पाळला.

मग मावशींनीच टाक्यामागं बोट दाखवलं. “एक राहिलंय तिथं.” ताई लंगडत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझं खालचं पान उलटं केलं. लोकर बघून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, आणि लगेच मावळलं. मुकादमाला मात्र हुरूप आला.

“आहे ना एक! याचंच बी धरू, ताई. मी स्वतः पेरीन.”

“हा एकटा बी धरत नाही. शेजारच्या झाडाचे पराग लागतात. स्वतःच्या परागावर हा नुसता फुलतो.”

“मग शेजारी शोधू. एवढी टेकडी आहे.”

दुसऱ्या दिवसापासून मुकादम टेकडी धुंडाळू लागला. टोळी दुसऱ्या कामावर गेली, हा नाही गेला. सुकलेल्या पट्ट्यात गेला, दुसऱ्या टेकड्यांच्या आटलेल्या झऱ्यांपाशी गेला. एके दिवशी तो ओल्या गोणपाटात काहीतरी लपेटून धावत आला. ताई माझ्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या. “सापडला ताई, सापडला!” त्यानं गोणपाट उलगडलं. आत गडद जांभळा गोंडा होता, ताठ वर तोंड करून. ताईंनी पान उलटं केलंसुद्धा नाही. मुकादमानंच केलं. खाली लोकर नव्हती. तो कितीतरी वेळ ते पान उलटंसुलटं करत राहिला.

“याचाच पराग लावून बघितला तर?” त्यानं विचारलं.

“त्यातून जे येईल ते हा नसेल,” ताई म्हणाल्या.

मग त्यानं माझ्याभोवती कुंपण घातलं. तारा ताणल्या, फळ्या ठोकल्या, गुरांचा पाण्याचा रस्ता फिरवला. दुपारी तो काठी घेऊन कुंपणापाशी बसू लागला. कुणी नुसतं डोकावलं तरी वस्सकन अंगावर जायचा. दुधाची गाडी रोज थांबायची आणि भाऊ खाली उतरून काही न बोलता माझ्या मुळाशी हात लावून ओल बघायचा. असं राखणं मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आमच्यातल्या कुणालाच मिळालं नव्हतं. ते थोडं आधी मिळायला हवं होतं, एवढंच.

आणि मी फुललो. थांबणं माझ्या हाती नव्हतं. एकदाच फुलायचं असतं आणि वेळ झाली होती. सगळे गोंडे उमलले. भुंगे आले. ते नेहमीच्या वाटेनं आले, पट्ट्यावरून घिरट्या घालत राहिले, जिथं माझे शेजारी उभे असायचे तिथं हवेत थबकले आणि मग माझ्याकडे वळले. प्रत्येक भुंगा आला की मला वाटे, याच्या अंगावर असेल. कुठल्या तरी फटीत, कुठल्या तरी न पाहिलेल्या झऱ्यावर एखादा भाऊबंद असेल आणि त्याची धूळ याच्या पाठीवर असेल. मी मान खाली घालून वाट बघत असे. भुंगा मध पिऊन जाई. मी भ्यालो होतो, मित्रांनो. काटेरी झाडाला भीती वाटत नाही असं तुम्ही समजू नका.

गोंडे मिटले आणि वाळले, तेव्हा ताईंनी पहिला गोंडा खुडला. ओंजळीत घेऊन अंगठ्यांनी फोडला. त्यातलं एकेक बी त्या नखानं दाबून बघू लागल्या. भरलेलं बी टणक लागतं. ही सगळी चपटी होती. पोचट.

“एखादं तरी असेल,” मुकादम म्हणाला.

“बघ तूच.”

तो बसला. त्याची बोटं जाडजूड आणि माझे काटे बारीक. तो गोंडे फोडत गेला, दाबत गेला, बोटांतून रक्त यायला लागलं तरी थांबला नाही. भाऊ त्याच्या शेजारी येऊन बसला आणि तोही दाबू लागला. एका बाकावरचे दोघं मित्र, डोक्याला डोकं लावून, पोचट बी तपासत होते. शेवटचे थोडे गोंडे उरले तेव्हा ताई म्हणाल्या, “राहू द्या आता. ते त्याच्या अंगावरच राहू द्या.” आणि भावाचा हात धरून उठल्या.

म्हणून म्हणतो, माझ्यामागं कुणी उरणार नाही. माझी खालची पानं गळली आहेत, देठ पोकळ झाला आहे. थोड्या दिवसांत मी माझ्या आईसारखी वाळकी काठी होईन, फक्त पायाशी रुजलेलं कुणी नसेल.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती काठी येईल, हे काढा आणि ते ठेवा असं सांगायची वेळ येईल. तेव्हा माझी एवढी विनंती ध्यानात धरा. जे राखायचं असेल त्याच्याजवळ स्वतः जाऊन उभे राहा. जाता आलं नाही, तर निरोप पुरता सांगा आणि ऐकणाऱ्याला तो काय समजला ते विचारा. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या. आणि ज्याच्यावर हात उगारायचा आहे त्याचं आधी नाव विचारा. पान उलटं करून बघा. त्याला वेळ फारसा लागत नाही.

आता वारा सुटेल आणि माझ्या उरलेल्या गोंड्यांतून पांढऱ्या म्हाताऱ्या उडू लागतील. तुम्हाला त्या पकडायला आवडतात हे मला माहीत आहे. भरल्या बियांची म्हातारी जड असते, ती जवळच कुठंतरी ओल्या मातीवर उतरते. माझ्या म्हाताऱ्या तशा उतरणार नाहीत. त्या खूप उंच जातील, खूप लांब जातील, तुमच्या शाळेच्या खिडकीपर्यंतसुद्धा येतील. तुम्ही म्हणाल, वा, किती लांब उडाली ही! तिला अलगद पकडा आणि तिच्या टोकाशी बघा. तिथं काही नाही. म्हणून ती इतकी छान उडते.